वर्गात न बसणारं मूल

"सर, तुम्ही याले ठोका, आमनं काही म्हननं नही." लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, पांडेसरा. सुरतेच्या या पट्ट्यात मराठी शाळेच्या दारात हे किंवा याच्या जवळपासचं वाक्य ऐकू येतं. बोलणारा बाप बहुधा धुळे, जळगाव नाही तर नंदुरबारकडचा, रात्रपाळी उरकून तसाच आलेला. पोरगं वर्गात बसत नाही, शेजारच्याला मारतं, वह्या फाडतं, बाई फळ्याकडे वळल्या की बाकावर उभं राहतं, ही तक्रार पुन्हा आली म्हणून त्याला बोलावलेलं असतं. तो स्वतः छडी खातच शिकलेला. मुलाला शाळेच्या हवाली करून तो निघून जातो, आणि त्याने दिलेली ती परवानगी शिक्षकाच्या काही कामाची नसते.

कारण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. त्याच कायद्याचं सोळावं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाचं नाव शाळेतून काढता येणार नाही. या कायद्याची गरज किती होती, ते दोन वर्षं आधीच दिसलं होतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या २००७च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. बंदी योग्यच होती, आणि ती आणखी कसोशीने पाळली गेली पाहिजे. पण छडी काढून घेताना तिच्या जागी काय करायचं, हे शिक्षकाला कोणी नीट शिकवलं नाही. बी.एड. किंवा पीटीसीच्या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्राचा पेपर असतो. पण डोकं फिरल्यावर कंपासपेटी फेकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासमोर पहिल्या मिनिटात काय बोलायचं, हे त्या पेपरात सापडत नाही. मग शिक्षक ओरडतात, वर्गाबाहेर उभं करतात, मुख्याध्यापकांकडे पाठवतात, पालकांना बोलावतात. आणि बाप ते वाक्य बोलतो.

सुरतेत या प्रश्नाला स्वतःची एक घडण आहे. महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती तीनशेहून जास्त शाळा चालवते, आणि त्या गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. देशातल्या फार थोड्या शहरांनी स्थलांतरितांच्या मुलांसाठी एवढं केलं आहे, आणि त्याचं श्रेय सुरतेला द्यायलाच हवं. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती ४४ लाखांच्या पुढे होती. त्यातला मराठी माणूस मुख्यतः तापीच्या काठाकाठाने, भुसावळ-सुरत रेल्वेने आलेला: जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. पुरुष लूमच्या कारखान्यांत, पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये. बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात.

पॉवरलूम बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. एका खोलीच्या घरात बाप रात्रपाळीला असेल तर दिवसा तो झोपलेला, म्हणून मुलांनी गप्प राहायचं. दिवसपाळीला असेल तर रात्री उशिरापर्यंत दिवा आणि टीव्ही चालू, आई साड्यांच्या ढिगात. शाळा सकाळची असेल तर मूल सातच्या आत बाहेर पडतं. सहा ते बारा वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ती ज्याला मिळत नाही ते मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही. उलट ते जास्त चाळवतं, चिडतं, उड्या मारतं. वर्गात ते 'तोफानी' ठरतं.

भाषेचा भारही मोजला पाहिजे. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, वरून इंग्रजी. गुजरात विधानसभेने २०२३ साली केलेल्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवणं सक्तीचं केलं. ज्या राज्यात राहायचं तिथली भाषा यायलाच हवी, त्यामुळे त्यात गैर काही नाही. मुलं चार भाषा सहज पेलतात, हेही खरं. पण ज्याला पहिलीतच अक्षर नीट उमगलं नाही, त्याच्यासाठी दर तासाला एक नवी भिंत उभी राहते.

'खोड्या' या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात, ते इथे पाहावं लागतं. कान वाहत असल्यामुळे ज्याला सूचना अर्धवटच ऐकू येते, तो 'ऐकत नाही' म्हणून ओळखला जातो. ज्याला फळ्यावरचं दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि भांडण होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत गुजरातमधली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ७९.७ टक्के मुलं रक्तक्षयग्रस्त आढळली. देशाचा आकडा ६७.१ होता. ती मुलं आज प्राथमिक शाळेत आहेत. लोह कमी पडलेलं मूल थकतं, किरकिरतं, त्याचं लक्ष टिकत नाही. ॲनिमियामुक्त भारत योजनेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना दर आठवड्याला द्यायची गुलाबी गोळी आहे. ती खरोखर पोटात जाते की दप्तरात पडून राहते, हा शिस्तीच्याच चर्चेतला प्रश्न आहे. शाळेच्या बैठकीत तो त्या नजरेने क्वचितच घेतला जातो.

मग करोना. गुजरातमध्ये पहिली ते पाचवीचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते २२ नोव्हेंबर २०२१ रोजी उघडले. वीस महिने. रांगेत उभं राहणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, खोडरबर मागून घेणं, हरल्यावर न रडणं, हे बालवाडी आणि पहिलीत अंगवळणी पडतं. त्या वयात जी मुलं दहा बाय दहाच्या खोलीत बसून होती ती आता मोठ्या वर्गांत गेली आहेत. त्यांतली काही आजही भांडणाशिवाय वस्तू मागू शकत नाहीत. कारण मागायचं कसं, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नाही.

हा मुद्दा साधा आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. पाढा चुकला तर शिक्षक तो पुन्हा शिकवतात; वागणं चुकलं तर मात्र शिक्षा होते. वागणंही शिकवावं लागतं, त्याचाही सराव घ्यावा लागतो, आणि काही मुलांना तो इतरांपेक्षा दसपट लागतो.

शिकवायचं तर आधी हे कळलं पाहिजे की मूल तसं का वागतं. शाळांमध्ये यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत अगदी साधी आहे, तिला वही आणि पेन एवढंच लागतं. घटना घडली की तीन गोष्टी टिपायच्या: त्याआधी लगेच काय झालं, मुलाने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. आठ-दहा दिवस टिपलं की चित्र दिसू लागतं. समजा चौथीतला एक मुलगा रोज मराठीच्याच तासाला मारामारी करतो, गणिताला नाही. वहीत दिसतं की प्रकट वाचनाची पाळी त्याच्या बाकाजवळ आली की तो पुढच्याला बुक्की मारतो. मग त्याला वर्गाबाहेर उभं करतात. वाचन टळलं, म्हणजे शाळेने त्याला नेमकं हवं ते दिलं. उद्या तो पुन्हा बुक्की मारणार. या मुलाला वाचता येत नाही आणि चाळीस मुलांसमोर ते उघडं पडू नये यासाठी तो धडपडतोय. त्याच्यावरचा उपाय रोज पंधरा मिनिटं दुसरीच्या पातळीचं वाचन आणि वर्गात आधी सांगून ठेवलेली एकच ओळ, हा आहे. दुसरा एखादा असाच मारामारी करेल, पण बाईंनी आपल्याकडे पाहावं म्हणून. तिसरा गोंगाट सहन होत नाही म्हणून. तिघांची खोडी एकच, औषध वेगवेगळं.

लक्ष मिळवण्याची ही ओढ किती जबर असते, यावर १९६८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या एका वर्गात पाहणी केली. दोन शिक्षिका, सुमारे पन्नास मुलं. जागेवरून उठणाऱ्यांना त्या 'खाली बस' म्हणत. संशोधकांनी त्यांना ते जास्त वेळा म्हणायला सांगितलं. मूल त्या क्षणी बसे, पण एकंदरीत उठणाऱ्यांची संख्या वाढली. मग शिक्षिकांनी बसून काम करणाऱ्यांचं नाव घेऊन कौतुक सुरू केलं, तेव्हा उठणं कमी झालं. त्याच वर्षीच्या याच मंडळींच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की वर्गाचे नियम नुसते फळ्यावर लिहून काहीच फरक पडत नाही. किरकोळ खोडीकडे काणाडोळा आणि चांगल्या वागण्याची लगेच, नेमकी दखल, ही जोडी लागू पडते. आपल्याकडे कौतुकाची भीती वाटते, पोर शेफारेल म्हणून. पण इथे 'शाब्बास' हा मोघम शब्द कामाचा नाही. 'तू आज हात वर करून थांबलास, मी पाहिलं' असं म्हटल्यावर मुलाला कळतं की आपण केलं ते नेमकं काय होतं.

यात काही मुलं अशी असतात की त्यांना याहून जास्त काही लागतं. अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव, म्हणजे एडीएचडी, हा खरा विकार आहे, आणि जगभरच्या अभ्यासांत साधारण पाच टक्के मुलांत तो आढळतो. पण त्याचं निदान वर्गातल्या त्राग्यावर करता येत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसलेली असावी लागतात. केवळ एकाच बाईंच्या तासाला दिसणारी चंचलता हा आजार नव्हे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या २०१२च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की वर्गातल्या वयाने सर्वांत लहान, म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांवर जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा हा शिक्का तीस टक्के जास्त बसला होता. मूल लहान आहे एवढाच त्याचा दोष. गुजरातने २०२३ पासून पहिलीत प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण असण्याची अट घातली आणि त्याआधी बालवाटिका सुरू केली. त्या वेळी पालकांनी बराच विरोध केला होता. पाच वर्षांच्या मुलाला पहिलीच्या बाकावर न बसवण्याचा तो निर्णय मात्र मुलांच्या भल्याचाच आहे.

खरा विकार असेल तर सरकारी वाट आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत येऊन तपासणी होते, आणि जी दुखणी तपासायची त्यांत ऐकू न येणं, नजर, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि एडीएचडी यांचा समावेश आहे. म्हणजे डॉक्टरांचं पथक शाळेत आलं की फक्त वजन, उंची आणि दात पाहून त्याला जाऊ देऊ नये. आपल्या यादीतली दोन-तीन मुलं शिक्षकाने पुढे करावीत. लिंबायतपासून जवळच उमरवाड्याला महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात आणि मजुरा गेटच्या बाजूला नव्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहेत. औषधाबद्दलही सरसकट भीती नको. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी की सहा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आधी आईवडिलांना प्रशिक्षण द्यावं. त्यापुढच्या वयात औषध आणि वर्तनाचे उपाय बरोबरीने चालावेत. अपंगत्व हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहे, एडीएचडी नावाने नाही. त्यामुळे त्या मुलांना सवलती मिळवताना अडतं.

हे सगळं परदेशातून आलेलं शास्त्र आहे, असं मानायचं कारण नाही. गुजरातच्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी एका वकिलाने हा प्रश्न हाती घेतला होता. गिजुभाई बधेकांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्ग त्याची दाणादाण उडवतो: कोणी हसतं, कोणी आवाज काढतं. हेडमास्तर नाराज होतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो, आणि तीच मुलं श्वास रोखून ऐकतात. गोष्ट हवी म्हणून ती स्वतःच गलका आवरतात. पुढे खेळ, स्वच्छता, वाचनालय, नाटक. गिजुभाईंनी शिस्त हा स्वतंत्र विषय ठेवलाच नाही. मुलाला थांबावंसं वाटेल असं काहीतरी वर्गात असलं पाहिजे, ही त्यांची अट होती.

त्यांच्या सोबत उभी राहिलेली बाई मराठी होती, आणि सुरतेच्या मराठी शाळांनी तिचा फोटो भिंतीवर लावावा इतकं तिचं ऋण आहे. ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या. राजकोटच्या बार्टन कॉलेजात त्यांनी मुख्याध्यापिकेचं काम केलं आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ १९२६ मध्ये उभा केला. त्यांची 'शिक्षण पत्रिका' आधी गुजरातीत निघाली, मग ताराबाईंनी ती मराठीत आणली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला, म्हणजे गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या किनाऱ्यावर, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम सुरू झालं. ही मुलं शाळेत टिकत नव्हती. आली तर पळून जात. त्यांना दिवसा गुरं चारायची असत. गावाने त्यांना उनाड म्हटलं असतं. या दोघी शाळाच गुरांमागे कुरणात घेऊन गेल्या, आणि कुरणशाळा सुरू झाली. मूल बसत नसेल तर आपण मांडलेल्या बैठकीतच काही चुकतंय का, हा प्रश्न कोसबाडने ज्या धिटाईने विचारला तो सुरतेच्या लूमच्या वस्तीत आज पुन्हा विचारण्यासारखा आहे.

गोष्टीनं वर्ग शांत होतो हे ठीक, पण रोजचं काय? रोजच्यासाठी सर्वांत जास्त तपासला गेलेला उपाय हा एक खेळ आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये चौथीच्या एका वर्गात मुलांचे दोन गट केले गेले. जागा सोडली किंवा मध्येच बोललं की त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण. खुणा ठरलेल्या मर्यादेखाली राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. बक्षीस म्हणजे जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, जरा जास्त मोकळा वेळ. एका पैशाचा खर्च नाही. पुढे १९८५ नंतर बॉल्टिमोर शहरात शेपर्ड केलम यांनी हा खेळ पहिलीच्या वर्गांत चालवून पाहिला आणि ती मुलं १९-२१ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा गाठलं. खेळ खेळलेल्या मुलग्यांत अमली पदार्थांच्या व्यसनाचं प्रमाण न खेळलेल्यांच्या जवळजवळ निम्मं होतं, आणि पहिलीत सर्वांत आक्रमक असलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता.

मात्र इंग्लंडमध्ये ७७ प्राथमिक शाळांत हाच खेळ दोन वर्षं घेतला गेला तेव्हा सरासरीत काही फरक दिसला नाही. पुष्कळ शिक्षकांनी तो ठरवल्यापेक्षा फार कमी वेळा खेळला होता. यातून हे कळतं की पत्रक काढून आणि एक दिवसाचं शिबिर घेऊन शाळेवर लादलेला उपाय चालत नाही. आपल्याकडची पत्रकं आठवली तर ही गोष्ट जास्तच खरी वाटते.

म्हणजे शिक्षकानेच सगळं करायचं का? या मुद्द्यावर भारतातले दोन अनुभव वेगवेगळ्या दिशांना जातात. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांमध्ये गोव्याच्या 'संगथ' संस्थेने नववीच्या मुलांसाठी 'सेहर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत थोडं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक नेमला, काहींत तेच काम शिक्षकाला दिलं. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निकालात समुपदेशक असलेल्या शाळांचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक पडला नाही. दुसरीकडे दार्जिलिंगच्या डोंगरातल्या कमी फीच्या प्राथमिक शाळांमध्ये 'टीलीफ' या उपक्रमात वर्गशिक्षकांनाच तयार केलं. त्यांनी मुलाला वेगळ्या खोलीत नेऊन समुपदेशन केलं नाही. मूल निरखलं, त्याच्या वागण्यामागचं कारण ताडलं आणि शिकवता शिकवताच आपली वागणूक बदलली: जागा बदलली, काम लहान तुकड्यांत दिलं, चिडण्याआधी बाहेर पाणी पिऊन यायला पाठवलं. सुरुवातीच्या अभ्यासांचे निकाल आशादायक आहेत.

दोन्ही अनुभव एकमेकांना खोडतात असं वरवर वाटतं. पण मुलांचं वय पाहिलं तर कोडं बरंच सुटतं. नववीच्या मुलाला आठ शिक्षक असतात आणि बोलायला त्रयस्थ माणूस हवा असतो. दुसरीच्या मुलाला एकच बाई असते, ती दिवसभर समोर असते, आणि त्याचा सगळा दिवस तिच्या नजरेवर तोललेला असतो. प्राथमिक शाळेत वर्गशिक्षक हाच मुख्य उपाय. पण तो एकटा पडला तर उपाय उरत नाही, कारण पस्तीस मुलांना शिकवत असताना एका मुलाचा राग उतरेपर्यंत त्याच्याजवळ थांबणारं दुसरं माणूस शाळेत असावंच लागतं.

आणि इथे व्यवस्था कमी पडते. कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण तो हिशोब पूर्ण शाळेचा. त्याच शिक्षकाला मतदार यादीचं बीएलओचं काम लागतं, ऑनलाइन माहिती भरायची असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक पातळीवर दर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. व्यवहारात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरत राहतात. ते आठवड्यातून एखादा दिवस आले तरी मुख्याध्यापक समाधान मानतात. मराठी माध्यमाची अडचण आणखी एक. विशेष शिक्षक किंवा समुपदेशक गुजराती बोलणारा असेल तर शिंदखेड्याहून आलेल्या आईशी त्याचं बोलणं कामचलाऊ होतं, आणि घरात काय चाललंय हे ती कामचलाऊ भाषेत सांगत नाही.

आईबापांना सोबत घेण्याबद्दल शाळा फार बोलतात, पण त्यांना बोलावतात ते तक्रारीसाठीच. बापाचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, वर शरमेने मान खाली. तो घरी जाऊन मुलाला बडवतो, आणि दुसऱ्या दिवशी मूल आणखी भडकून येतं. याला पर्याय म्हणून एक साधी चिठ्ठी उपयोगी पडते. सकाळी मूल वर्गशिक्षकाला किंवा मुख्याध्यापकांना भेटतं, आजची एकच गोष्ट ठरते, 'हात उचलणार नाही, राग आला तर बाईंना सांगेन'. प्रत्येक तासाला शिक्षक चिठ्ठीवर खूण करतात, सुटताना पुन्हा भेट, चिठ्ठी घरी. ती आईला वाचता यावी म्हणून चेहऱ्याचं चित्र पुरतं. अनेक देशांतल्या शाळांत ही रीत वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तिचं मर्म असं की दिवसातून दोनदा एका मोठ्या माणसाने न रागावता त्या मुलाचं नाव घेतलेलं असतं. लूमवाल्या वस्तीत आणखी एक काम शाळा करू शकते: पालकसभा पाळी सुटण्याच्या वेळेला ठेवणं, आणि दिवाळीला कारखाने बंद होऊन कुटुंबं खानदेशात जाण्याआधी पालकांना एकदा भेटणं. सुट्टीनंतर उशिरा परतलेलं मूल पंधरा दिवस मागे पडतं, आणि खोड्यांना तिथूनच पुन्हा तोंड फुटतं.

ज्या मुलांचा आवाज होत नाही त्यांच्याबद्दलही दोन शब्द हवेत. कोपऱ्यात बसून नखं कुरतडणारी, आठवडाभर न बोलणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. घरातली भांडणं, मार किंवा त्याहून वाईट काही तिच्या वाट्याला आलेलं असू शकतं. शिक्षकाला तसा संशय आला तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या तब्येतीबद्दल विचारायला ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ आहे, आणि तिथे प्रादेशिक भाषांतही बोलता येतं. हे दोन आकडे शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर लिहिलेले असावेत.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात निर्देश दिले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. सुरतेच्या बहुतेक पालिका शाळा पहिल्या गटात मोडतात. तीनशेहून जास्त पदं एकदम भरणं कठीण आहे, पण एका आवारात दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात तिथे एक माणूस मिळून घेता येईल. वेसूला वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठातून मानसशास्त्र आणि समाजकार्याचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांत लिंबायत-उधन्याच्या मराठी घरांतली मुलंमुलीही आहेत, ज्यांनी पालिकेच्याच शाळेत बाराखडी गिरवली. शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळांसाठी पहिल्यांदा त्यांनाच विचारावं, त्यांच्या नेमणुकीत अहिराणी येणं ही पात्रता धरावी, आणि त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत फाइली भरायला न बसवता रोज दोन तास पहिली-दुसरीच्या वर्गात, बाईंच्या शेजारी, उभं करावं.